दादांची जागा

प्रताप घाटगे या वेळी उभे राहणार नाहीत, ही बातमी मार्चच्या पहिल्या मंगळवारी सकाळी फुटली आणि दुपारच्या जेवणाआधी टोरोंटोच्या स्कारबरो भागातल्या त्या मतदारसंघात तीन जणांनी पक्षाच्या उमेदवारीसाठी आपलं नाव पुढे केलं. बारा वर्षं एकाच माणसाकडे असलेली आमदारकी रिकामी होत होती. एरवी ज्या जागेकडे कोणी मान वर करून पाहिलं नसतं, तिच्यासाठी आता सगळ्यांचे फोन खणखणू लागले. पहिलं नाव शाळा मंडळावर निवडून आलेल्या रोझमेरी नावाच्या बाईंचं, दुसरं औषधांचं दुकान चालवणाऱ्या फारुखभाईंचं आणि तिसरं सुनंदा मेश्रामचं.

पहिल्या दोघांना बातमी रेडिओवर कळली होती. सुनंदाला ती नोव्हेंबरपासून ठाऊक होती. चार महिने तिनं ती पोटात ठेवली होती; नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

सुनंदा नागपूरची, इंदोऱ्यात वाढलेली. नवरा वाल्मिक बँकेच्या कॉम्प्युटर विभागात नोकरीला लागला तेव्हा त्याच्यासोबत ती शहाण्णव साली टोरोंटोला आली. समाजकार्याची पदवी गाठीशी होती, पण पहिले दोन हिवाळे ती एका ग्रोसरी स्टोअरच्या काउंटरवर उभी होती. मग नव्याण्णवच्या एप्रिलमध्ये, एका कम्युनिटी सेंटरच्या बेसमेंटमध्ये चाळीस-पन्नास कुटुंबांनी बाबासाहेबांची जयंती साजरी केली, तिथे प्रताप घाटगे आले. सांगलीकडचे इंजिनियर, वीस वर्षं कॅनडात, पहिल्यांदाच निवडणुकीला उभे राहत होते. मराठी मंडळातलं दुसरं कोणी कधी त्या बेसमेंटच्या पायऱ्या उतरलं नव्हतं. घाटगे उतरले, पहिल्या रांगेतली खुर्ची सोडून मागे मुलांच्यात बसले, कागदी ताटात डाळभाजी घेऊन जेवले आणि जाताना सुनंदाला म्हणाले, "ताई, तुम्ही फार चांगलं बोललात. माझ्यासाठी चार दारं ठोठावाल का?"

तिनं चार नाही, चार हजार दारं ठोठावली. वीस-वीस मजल्यांचे टॉवर, बंद पडलेल्या लिफ्ट, प्रत्येक मजल्यावर वेगळ्या मसाल्याचा वास. तमिळ बायकांना वणक्कम, फिलिपिनो नर्सेसना त्यांच्या शिफ्ट सुटण्याची वेळ बघून गाठायचं, जमैकन आजींकडे आधी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी. घाटगे तीनशे मतांनी निवडून आले. त्या दिवसापासून ते सुनंदाचे दादा झाले आणि त्यांचं मतदारसंघातलं ऑफिस तिच्या ताब्यात आलं. डेंटिस्ट आणि लाँड्रीच्या मधला तो गाळा. कुणाचं हेल्थ कार्ड अडलंय, कुणाच्या घरी जानेवारीत हीटिंग बंद आहे, कुणाच्या बाळाचा जन्मदाखला येत नाही, सगळं तिच्या टेबलावर यायचं. लोक त्या गाळ्याला आमदाराचं ऑफिस म्हणत नसत. सुनंदाचं ऑफिस म्हणत.

एक नियम ती कसोशीनं पाळायची. पगार सरकारचा, तेव्हा या टेबलावर पक्षाचं काम करायचं नाही. मेंबरशिपचे फॉर्म, सभासदांच्या याद्या यांना तिनं बारा वर्षांत हात लावला नाही. दादा कौतुकानं म्हणायचे, "सुनंदामुळे माझ्याकडे कुणी बोट दाखवू शकत नाही."

नोव्हेंबरात एके दिवशी दादांनी तिला कोपऱ्यावरच्या डोनटच्या दुकानात चहाला नेलं. खिडकीजवळ बसले. बराच वेळ कपाच्या झाकणाशी चाळा करत राहिले आणि मग म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय, आता पुरे. पुढच्या ऑक्टोबरला मी उभा राहणार नाही."

सुनंदानं हातातला कप खाली ठेवला. "दादा, तब्येत…"

"तब्येत ठीक आहे गं. ठीक राहावी म्हणूनच थांबतोय." ते पुढे झुकले. "माझ्यानंतर हे सगळं तुझंच आहे. तूच सांभाळायचंस."

"मी? मला कोण मत देणार, दादा?"

"तुला देणार नाहीत तर कुणाला देतील? या टॉवरमधल्या लोकांना माझा चेहरा आठवत नाही, तुझा आठवतो." ते हसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "पण एक कर. मी जाहीर करेपर्यंत कुणाजवळ बोलू नकोस. बाहेर फुटलं तर पक्षात माझी किंमत राहणार नाही. वाल्मिकलाही नको."

त्या दिवशी ती घरी आली तेव्हा वाल्मिक ड्राइव्ह-वेवरचा बर्फ फावड्यानं काढत होता. त्या हिवाळ्यातला पहिलाच. त्यानं विचारलं, "का गं, चेहरा असा काहून दिसून राहिला तुझा?" ती म्हणाली, "काही नाही, दमले." लग्नाच्या वीस वर्षांत नवऱ्याशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली होती, आणि तेही अशा गोष्टीसाठी, जी ऐकून तो रस्त्यावर नाचला असता.

जानेवारीत दादांचा मुलगा जयदीप ऑफिसमध्ये यायला लागला. एकतीस वर्षांचा, कायद्याची पदवी घेतलेला, डाउनटाउनच्या काचेच्या कॉन्डोत राहणारा. स्कारबरोत तो दिवाळीला यायचा तेवढाच. "सुनंदाआंटी, डॅड इज नॉट गेटिंग एनी यंगर," तो म्हणाला. "ते काय काम करतात ते मला कधी कळलंच नाही. आय वॉन्ट टु लर्न. मला जरा टॉवर्समध्ये घेऊन चला ना."

तिला बरं वाटलं. बापाच्या आमदारकीच्या शेवटच्या वर्षात मुलाला त्याचं काम पाहावंसं वाटतंय, यात वाईट काय? ऑफिस सुटल्यावर आणि शनिवारी, असे तीन आठवडे ती त्याला मजल्यामजल्यावर घेऊन फिरली. दारं उघडली की ती पुढे व्हायची. "हा दादांचा मुलगा. चांगला आहे. याला तुमचं म्हणणं सांगा." सातव्या मजल्यावरच्या सेल्वराणीअम्मांनी दोघांना आत बोलावून वडे खाऊ घातले. जयदीप हात जोडून "वणक्कम" म्हणाला, तेही सुनंदानंच लिफ्टमध्ये शिकवलेलं.

मार्चच्या त्या मंगळवारी दादांनी पत्रकारांना सांगितलं आणि तासाभरात सुनंदानं ऑफिसमधून बिनपगारी रजा घेतली. आता गुपित संपलं होतं. तिनं आधी वाल्मिकला फोन लावला. 

"नोव्हेंबरपासून माहीत होतं तुला?" त्यानं विचारलं.

"दादांनी शब्द घेतला होता."

"अन् मी कोण होतो?" पण लगेच त्यानं आवाज सावरला. "जाऊ दे. उभी राहा तू. जयंती करणाऱ्या आपल्या असोसिएशनची दीडशे माणसं आहेत, संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे मेंबरशिप फॉर्म भरून घेतो."

फॉर्म भरण्याआधी नियम विचारून घ्यावेत म्हणून तिनं पक्षाच्या मुख्य कार्यालयात फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं सांगितलं. उमेदवार निवडण्याची सभा दहा एप्रिलला. मतदान फक्त पक्षाच्या सभासदांना.

"आणि सभासद होण्याची शेवटची तारीख?" सुनंदानं विचारलं.

"ती गेली. पंचवीस फेब्रुवारी. तुमच्या स्थानिक शाखेनंच ठरवली आहे."

"पण जागा रिकामी आहे हे आजच कळलं. लोकांनी नोंदणी करायची कधी?"

"ते मी कसं सांगणार?" बाई म्हणाल्या. "पण तुमच्याकडे नोंदणी भरपूर झाली आहे. जानेवारी-फेब्रुवारीत साडेसहाशे नवे सभासद. एवढे पूर्ण टोरोंटोत कुठे झाले नाहीत."

सुनंदानं फोन ठेवला. साडेसहाशे माणसांना पक्षात कुणी आणलं, याचा तिला काही केल्या उलगडा होईना. रोझमेरीबाईंना तर जागा रिकामी होतेय हेच रेडिओवर कळलं होतं.

गुरुवारी चौथं नाव आलं. जयदीप घाटगे.

त्या दिवशी ती आपलं सामान घ्यायला ऑफिसमध्ये गेली होती. सेल्वराणीअम्मा काठी टेकत आत आल्या, हातात एक चिठ्ठी. पक्षाकडून आलेलं सभेचं निमंत्रण. "हे काय आलंय बघ," त्या अर्ध्या तमिळ, अर्ध्या इंग्रजीत म्हणाल्या. "तुझं आहे ना हे? मी सही केली होती ना तुझ्यासाठी?"

"माझ्यासाठी? कशावर सही केलीत, अम्मा?"

"तो मुलगा, तू घेऊन आली होतीस तो. नंतर एकटा आला, कागद घेऊन. म्हणाला, सुनंदा आंटीच्या ऑफिसचं काम आहे. पूर्ण मजल्यानं केल्या सह्या." सुनंदाचा चेहरा पाहून त्या घाबरल्या. "काही चूक झाली का गं?"

"तुमची नाही, अम्मा," सुनंदा म्हणाली आणि ते निमंत्रण पुन्हा एकदा वाचलं.

तीन आठवडे ती ज्या दारांवर त्याला घेऊन गेली होती, त्याच दारांवर तो तिच्या मागोमाग फॉर्म घेऊन परत गेला होता. तिच्या तोंडाला कुलूप लावून दादांनी तिच्याच पायांनी मुलाचा प्रचार करून घेतला होता. बारा वर्षांत जोडलेला विश्वास, आणि तो तिनं स्वतःच्या हातानं दारोदार नेऊन दिला होता.

ती तशीच दादांच्या घरी गेली. वहिनींनी दार उघडलं, तिच्याकडे न बघताच "ते खाली आहेत" म्हणाल्या. बेसमेंटमध्ये दादा वर्तमानपत्र वाचत बसले होते.

"ये, सुनंदा. बस. चहा घेणार?"

"नको. पंचवीस फेब्रुवारी तारीख कुणी ठरवली, दादा?"

त्यांनी पेपरची घडी घातली. "कमिटीनं."

"कमिटीची मीटिंग कुठे झाली?"

 तिनं त्यांच्यासमोर रांगेत मांडलेल्या घडीच्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि तिला उत्तर मिळालं: इथेच.

"तुम्ही मला म्हणाला होतात, माझ्यानंतर हे तुझंच आहे."

"म्हणालो होतो. आजही म्हणतो. तूच सांभाळायचंस. जयदीपला या कामाची काय माहिती? ऑफिस तुझं, माणसं तुझी. पगारही वाढवून देईल तो. त्याच्याशी मी बोललोय."

"ऑफिस?" तिचा आवाज चिरकला. "मग मला गप्प का बसवलंत? ऑफिस सांभाळायला गुपित कशाला लागतं? मी नवऱ्याशी खोटं बोलले तुमच्यासाठी!"

दादांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्या क्षणी ते खरोखरच म्हातारे दिसले. "हे बघ, पोराला काहीतरी करून द्यावंसं बापाला वाटतं. तुझं वाईट व्हावं असं माझ्या मनात कधीच नव्हतं. आणि खरं सांगू? तू निवडून आली नसतीस. टॉवरमधले लोक एक वेळ देतील मत. पण आपले लोक… तुला माहीत आहे सगळं. मी कशाला बोलून दाखवू?"

"आपले म्हणजे कुणाचे, दादा?"

दादांनी चष्मा पुसायला घेतला.

"बारा वर्षांपूर्वी तुम्ही आमच्या बेसमेंटमध्ये येऊन जेवलात," सुनंदा म्हणाली. "त्या एका जेवणावर मी तुमच्यासाठी बारा वर्षं पळाले. मला वाटत होतं, हा माणूस आमच्यात आला. तुम्ही मतं मोजायला आला होतात."

"असं नको बोलूस. मी मनापासून आलो होतो."

"तेच तर," ती म्हणाली. "तेव्हा मनापासून आला होतात. म्हणूनच जास्त लागलंय." आणि ती जिना चढून बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी तिनं राजीनामा पाठवून दिला.

वाल्मिकला तिनं सगळं सांगितलं, डोनटच्या दुकानापासून बेसमेंटपर्यंत. तो रागानं येरझारा घालत राहिला. "नाव मागे घे," तो म्हणाला. "आपल्या असोसिएशनमधले आधीपासून पक्षाचे सभासद असलेले पस्तीस. त्याचे साडेसहाशे. काहून स्वतःची शोभा करून घेतेस?"

"ते साडेसहाशे त्याचे नाहीत," सुनंदा म्हणाली. "माझे आहेत. मला फक्त तेवढं त्यांना सांगायचंय."

दहा एप्रिल हा रविवार होता. सभा एका हायस्कूलच्या जिममध्ये होती. बास्केटबॉलच्या रिंगखाली स्टेज. बाहेर जयदीपनं भाड्यानं आणलेल्या चार पिवळ्या बसेस, त्यातून उतरणारी टॉवरमधली माणसं, प्रत्येकाच्या कोटावर त्याच्या नावाचा बिल्ला. मराठी मंडळाचे लोक पहिल्या चार रांगांत, मध्यभागी दादा आणि वहिनी. सुनंदाचा बिल्ला वाल्मिकनं घरच्या प्रिंटरवर काढला होता. तो पस्तीस जणांच्या छातीवर होता आणि सेल्वराणीअम्मांच्या. त्यांनी बसमध्ये मिळालेला बिल्ला काढून पर्समध्ये टाकला होता.

प्रत्येकाला पाच मिनिटं. रोझमेरीबाई शाळांवर बोलल्या, फारुखभाई औषधांच्या किमतींवर. जयदीप छान बोलला. बापाच्या कष्टांबद्दल बोलताना त्याचा गळा दाटून आला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मग सुनंदा उठली. तिनं लिहून आणलेला कागद घडी करून ठेवून दिला.

"तुमच्यापैकी निम्म्याहून जास्त लोकांच्या घरी मी जानेवारीत आले होते," ती साध्या इंग्रजीत म्हणाली. "सोबत एक माणूस होता. मी तुम्हाला सांगितलं होतं, हा चांगला आहे. माझ्या शब्दावर तुम्ही त्याला आत घेतलंत. नंतर तो कागद घेऊन आला तेव्हा माझ्या शब्दावरच तुम्ही सही केलीत. तो कागद कशाचा आहे ते मला माहीत नव्हतं. ही जागा रिकामी होणार हे मला माहीत होतं, पण मला गप्प राहायला सांगितलं होतं आणि मी गप्प राहिले. ती माझी चूक. आज मी एवढंच सांगायला आले आहे. जानेवारीत दिलेला माझा शब्द मी परत घेते. तुमच्यावर माझं काही ओझं नाही. तुम्हाला हवं त्याला मत द्या."

 पहिल्या रांगेत दादा बुटांकडे पाहत होते. मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग आणखी कुणी, मग मागच्या सगळ्या रांगा. पुढच्या चार रांगांतले हात मांडीवरच राहिले.

मतमोजणी पाऊण तास चालली. एकूण सातशे एकसष्ट मतं. फारुखभाई बासष्ट, रोझमेरीबाई एकशे चाळीस, सुनंदा मेश्राम एकशे एकाहत्तर. जयदीप घाटगे तीनशे अठ्ठ्याऐंशी. निवडीला निम्म्याहून जास्त, म्हणजे तीनशे एक्क्याऐंशी मतं लागत होती; त्याला फक्त सात जास्त. आणखी आठ माणसं इकडे आली असती तर दुसरी फेरी घ्यावी लागली असती. त्याचे साडेसहाशे त्याच्यापाशी राहिले नव्हते. पण पुढच्या चार रांगा हलल्या नाहीत.

बाहेर पडताना मंडळाच्या माधवीताईंनी तिचा हात धरला. चांगल्या बाई, दर संक्रांतीला तिळगूळ पाठवणाऱ्या. "किती छान बोललीस गं," त्या म्हणाल्या. "डोळ्यांत पाणी आलं बघ माझ्या. पण काय करणार, शेवटी आपलाच मुलगा ना."

सुनंदानं हात सोडवून घेतला. पार्किंग लॉटमध्ये वाल्मिक गाडी सुरू करून बसला होता. ती शेजारी बसली आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा रडली. जयदीपसाठी नाही, दादांसाठीही नाही. "तुला आधी सांगायला पाहिजे होतं," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. वाल्मिकनं गाडी गिअरमध्ये टाकली नाही. तिचं रडणं थांबेपर्यंत तो तिथेच बसून राहिला. मग म्हणाला, "हो. सांगायला पाहिजे होतं." आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

मे महिन्यात तिला भाडेकरूंना कायद्याची मदत करणाऱ्या एका संस्थेत काम मिळालं. लोकांना तिचा नवा पत्ता शोधायला दोन आठवडे लागले. दादांचे तीन फोन आले, ते तिनं घेतले नाहीत. उन्हाळ्यात जयदीपनं निरोप पाठवला, निदान टॉवरमध्ये एकदा सोबत फिरा. तिनं उत्तर दिलं नाही.

सहा ऑक्टोबरला ती कामावरून परत येताना मतदानाला गेली. बारा वर्षांत त्या पक्षाखेरीज तिनं दुसऱ्या कुणाला मत दिलं नव्हतं आणि आजही दुसऱ्या कुणाला द्यायची तिची इच्छा नव्हती. टेबलामागच्या तरुणीनं यादीतलं नाव खोडून तिच्या हातात मतपत्रिका दिली. पडद्याआड न जाता सुनंदा तिथेच उभी राहिली. कागदावर जयदीपचं नाव दुसऱ्या ओळीत होतं.

"मला ही नाकारायची आहे. कुणालाच मत द्यायचं नाही," ती म्हणाली. "नियमात बसतं ते. तुम्हाला मागे तसं लिहावं लागेल."

मुलीनं गोंधळून शेजारच्या वयस्क माणसाकडे पाहिलं. त्यानं पुस्तिका उघडली, ओळीवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. मग मतपत्रिका परत घेऊन मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं: नाकारली. ती वेगळ्या पाकिटात ठेवली.

"आर यू शुअर, मॅम?" मुलीनं विचारलं.

"हो," सुनंदा मराठीतच म्हणाली.

जयदीप त्या संध्याकाळी नऊशे मतांनी निवडून आला. त्या मतदारसंघात त्या वर्षी नाकारलेल्या मतपत्रिका किती निघाल्या, ते तिनं आठवड्याभरानं सरकारी संकेतस्थळावर पाहिलं. एकशे बारा. मागच्या खेपेला नऊ होत्या. तिनं वाल्मिकला हाक मारली आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवला. त्यानं आकडा मोठ्यानं वाचला, मग पुन्हा एकदा.